वाघ सोडून बाकी सगळं

कॅमेरा घेऊन चंद्रपूरला जाऊन आलो, असं कुणाला सांगून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की समोरचा हळहळतो आणि विषय बदलतो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. आता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलाकडे बघायची एकच रीत पडून गेली आहे. पहाटे जिप्सीत बसायचं, वाघामागे धावायचं आणि नाश्त्याला परत यायचं. त्या धावपळीत सागाचं बन, बांबूची बेटं, मामा तलावावरचं धुकं, वैनगंगेचा काठ हे सगळं मागे पळून जातं.

या लेखात सांगतोय त्या कॅमेऱ्याने वाघाचा फोटो निघत नाही. निघणारच नाही. तिपाई लावून, काळ्या कापडाखाली डोकं घालून, भिंगाने एकेक कोपरा तपासून एक फोटो काढायला अर्धा तास सहज जातो, आणि वाघ काही तेवढा थांबत नाही. मला तरी हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. वाघ यादीतून गेला की उरलेलं जंगल तुमच्या वाट्याला येतं, आणि या भागात ते उरलेलंच अफाट आहे.

शाळेचा वार्षिक ग्रुप फोटो आठवत असेल. पहिली रांग जमिनीवर, दुसरी बाकावर, तिसरी बाकामागे, आणि समोर काळ्या कापडात अर्धा गडप झालेला फोटोग्राफर. तोच हा कॅमेरा. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत दुधी काच आणि दोघांच्या मध्ये पेटीच्या भात्यासारखा घडीचा चामडी किंवा कापडी भाता. काचेवर चित्र उमटतं ते उलटं, डोकं खाली पाय वर, आणि डावं-उजवंही अदलाबदल झालेलं. चित्र जुळलं की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. आज सर्वसाधारणपणे फिल्मचा पत्रा ४ बाय ५ इंचांचा असतो. रोल नसतो, एकेक सुटा पत्रा, आणि एका होल्डरमध्ये पाठपोट मिळून दोनच.

या भागाला हा कॅमेरा नवा नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांताच्या दौऱ्यावर होते. त्या दौऱ्याच्या अहवालात चामोर्शीजवळच्या मार्कंड्याची मंदिरं सविस्तर आली आहेत, आणि पुढे १८९७ मध्ये हेन्री कझिन्स यांनी केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पुरावशेषांच्या यादीतही ती आहेत. त्या पिढीचे कॅमेरे काचेच्या प्लेटवर चालायचे. ओल्या प्लेटच्या पद्धतीत तर काचेला जागेवरच रसायन लावायचं, ती ओली असेतोवर फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूतच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. बैलगाडीतून अंधारा तंबू, काचा आणि बाटल्या घेऊन हिंडणाऱ्या त्या लोकांच्या मानाने आपलं फारच सुखाचं आहे. पाठीवरच्या एका सॅकमध्ये सगळं मावतं.

सामानाबद्दल थोडक्यात. नवीन लाकडी किंवा धातूचे घडीचे कॅमेरे परदेशातून मागवावे लागतात, त्यामुळे महाग पडतात. त्याआधी आपल्या गावातल्या जुन्या स्टुडिओत चौकशी करा. केरळमधल्या आलप्पुळचा वागीश्वरी हा लाकडी-पितळी फील्ड कॅमेरा एके काळी देशभरच्या स्टुडिओंत होता. कुठे माळ्यावर पडलेला सापडतो, बहुतेक वेळा हाफ प्लेट मापाचा. भाता गळका असेल तर अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून भोकं शोधा आणि काळ्या कापडाच्या चिंध्या लावून ती बुजवा. लेन्स एकच घ्या, १५० मिलिमीटरची. चार बाय पाचला ती डोळ्याच्या नजरेइतकं बघते. दोन वर्षं तिच्यावर काढली की ९० हवी की २४०, ते तुमचं तुम्हालाच कळतं. तिपाईवर मात्र कंजुषी नको. कॅमेरा हलका असला तरी तिपाई जड हवी, कारण शटर सेकंदा-दोन सेकंदांसाठी उघडं राहणार आहे.

फिल्मचं गणित जरा वेगळं आहे. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना कधी काळी 'इंदू' नावाची फिल्म बनवायचा. तो बंद पडला, आणि आता इलफर्ड, कोडॅक किंवा फोमा यांचे पत्रे बाहेरून येतात. पाकीट फोडताना हात आखडतो. म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी एकच सल्ला देतो. शहरात एक्सरेचं साहित्य विकणाऱ्याकडे जा आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील अशा ८ बाय १० इंची एक्सरे फिल्मचा डबा घ्या. दवाखाने डिजिटल होत चालले असले तरी तो अजून मिळतो. एका पत्र्याचे चार तुकडे होतात. मात्र नेमके चार बाय पाचचे केलेत तर ते होल्डरमध्ये जाणार नाहीत. तयार पत्रा मुळातच या मापाहून मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी असतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी तेवढी कात्री लावा.

एक्सरे फिल्मचा मोठा फायदा म्हणजे तिला लाल रंग दिसत नाही. खोलीत गडद लाल दिवा लावून तुम्ही ती कापू शकता, भरू शकता आणि धुताना चित्र उमटताना पाहू शकता. दिवा सुरक्षित आहे का, ते आधी तपासा. फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं दिव्याखाली राहू द्या आणि मग धुवा. नाण्याचा ठसा उमटला तर दिवा बदला. वेग ५० ते १०० आयएसओच्या मध्ये कुठे तरी धरून दोन-चार पत्रे चाचणीसाठी घालवा. संध्याकाळी उजेड तांबूस होतो तसा हा वेग आणखी घसरतो.

आता याचा जंगलात काय परिणाम होतो, ते पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मूल, सिंदेवाही, नागभीडच्या बाजूला पळस फुलतो. डोळ्यांना झाड पेटल्यासारखं दिसतं. एक्सरे फिल्मवर मात्र ती केशरी फुलं जवळजवळ काळी येतात, कारण तो रंग फिल्मपर्यंत पोचतच नाही. पांढऱ्याफटक आभाळावर काळ्या फुलांची झुंबरं, असा काहीसा विचित्र सुंदर फोटो मिळतो. हेच झाड साध्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर लावून घ्या, म्हणजे फुलं उजळतात आणि निळं आभाळ काळवंडतं. फक्त गडद लाल फिल्टरला आठपट उजेड लागतो, तेव्हा तीन स्टॉप वाढवा. एकाच झाडासमोर दोन्ही होल्डर रिकामे करून बघा. पळसाचा खरा रंग करड्या छटेत कुठला, हा प्रश्न निगेटिव्ह धुतल्यावरही काही सुटत नाही, आणि मला ते आवडतं.

एक्सरे फिल्म कठोर असते. भर उन्हातलं जंगल तिला पेलत नाही, सावल्या कोळसा आणि उजेड खडू होऊन जातो. धुकं, ढगाळ दिवस आणि पावसाळ्यानंतरचा मऊ उजेड तिला मानवतो. शिवाय लांबचा धूसरपणा ती वाढवते. चंद्रपूर शहराभोवती कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे थंडीत क्षितिजावर एक थर बसलेला असतो. तिथे दूरची टेकडी हवी असेल तर पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि पिवळा किंवा नारिंगी फिल्टर.

आता कापडाखाली जाऊ. या प्रकाराची खरी मजा तिथेच आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरची पहाट धरा. नागभीड किंवा ब्रह्मपुरीच्या बाजूचा एखादा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. झाडीपट्टीत असे शेकडो तलाव आणि लहान बोड्या आहेत. काठाशी कमळाची पानं, मध्ये सपाट पाणी, पलीकडे पाळ आणि मागे टेकड्यांची निळी रेघ. तुम्हाला पायाजवळचं पान आणि पलीकडची टेकडी, दोन्ही टोकदार हवीत. साध्या कॅमेऱ्यात त्यासाठी लेन्सचं भोक लहान करण्यावाचून इलाज नसतो. इथे पुढची चौकट झुकवता येते. थिओडोर शाइम्पफ्लूग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रांवरून नकाशे करताना या तत्त्वाचा अभ्यास केला आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. तत्त्व असं: लेन्सचं प्रतल आणि फिल्मचं प्रतल एकमेकांना जिथे छेदतात, त्याच रेषेतून स्पष्टतेचं प्रतल जातं. मग ते प्रतल उभं न राहता पाण्यावर आडवं निजवता येतं.

किती झुकवायचं? कॅमेरा पाण्यापासून १.२ मीटर उंचीवर आणि लेन्स १५० मिलिमीटरची असेल तर साधारण सात अंश. कॅमेरा निम्म्या उंचीवर आणला तर त्याच्या दुप्पट. अंश मोजायची गरज नाही, काच सांगते. आधी काहीही न झुकवता टेकडी फोकस करा. ती काचेवर खालच्या बाजूला असेल, कारण चित्र उलटं आहे. वरच्या कडेला कमळाची पानं पांढुरक्या धुरकट डागांसारखी दिसतील. आता लेन्स थोडी पुढे वाकवा आणि टेकडी पुन्हा फोकस करा. मग भिंग वरच्या कडेला नेऊन पानं बघा. पानांसाठी भाता आणखी लांबवावा लागत असेल तर झुकाव कमी पडलाय, आखडावा लागत असेल तर जास्त झालाय. दोन-तीन खेपांत असा एक क्षण येतो की पानावरचा दवाचा थेंब आणि टेकडीवरचा झाडांचा कंगोरा एकाच वेळी स्वच्छ उमटतात. तो क्षण पहिल्यांदा आला की माणूस आपोआप कापडाबाहेर येऊन खऱ्या तलावाकडे बघतो, खात्री करायला.

याला एक मर्यादा आहे. आडव्या प्रतलातून वर आलेलं काहीही, विशेषतः कॅमेऱ्याजवळचं, धूसर होतं. काठावर उंच गवत असेल तर झुकाव थोडा कमी ठेवा आणि एफ ३२ पर्यंत जा.

सागाच्या बनात उलटी गरज असते. आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाने ओळखलं जाणारं जुन्या सागांचं राखीव बन आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून ते जाहीर झालं. तिथे मान वर करून बघावं लागतं, आणि कॅमेऱ्याची मान वर केली की सगळे बुंधे वर जाऊन एकमेकांवर कलतात. म्हणून कॅमेरा पाणसळीने बिनचूक सरळ करा आणि पुढची चौकट तेवढी वर उचला. काचेवर शेंडे आत येतात आणि बुंधे ओळंब्यात उभे राहतात. उचलता उचलता काचेचे कोपरे काळे पडू लागले तर लेन्सचं वर्तुळ संपलं असं समजा. मग फोटो उभा घ्या आणि थोडे मागे सरका.

उजेड मोजताना साग फसवतो. पानांच्या छताखाली बुंधा काळोखा असतो आणि फांद्यांमधून दिसणारं आभाळ भगभगीत. मोबाइलवरचं मीटर सरासरी काढतं, आणि सरासरीत बुंधा बुडतो. स्पॉट मीटर असेल तर ज्या सावलीत तुम्हाला सालीचा पोत दिसायलाच हवा, तिथे ते रोखा आणि आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्या. अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांची झोन पद्धत अख्खी पाठ करायची गरज नाही, एवढा एक नियम वर्षभर पुरतो. समजा बुंध्याने एफ ३२ ला आठ सेकंद सांगितले. दोन स्टॉप कमी म्हणजे दोन सेकंद. पण फिल्म मंद उजेडात आळसावते. इलफर्डच्या एफपीफोर फिल्मसाठी कंपनीचा हिशेब असा आहे की मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात करायचा. दोनाचे होतात जवळपास अडीच, दहाचे अठरा आणि तिसाचे सुमारे त्र्याहत्तर. हा तक्ता एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवून टाका. कापडाखाली कुणाला घातांक आठवत नाहीत.

ऐनाच्या सालीचे चौकोनी खवले किंवा कांडोळाचं पांढरं सोलपटलेलं खोड जवळून घेताना आणखी एक हिशेब येतो. भाता जितका लांबेल तितका उजेड पातळ होतो. १५० ची लेन्स आणि भाता २१० मिलिमीटरपर्यंत ओढलेला असेल तर २१० भागिले १५०, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास दोन. वेळ दुप्पट करा. भात्याच्या मापासाठी शिंप्याची टेप खिशात ठेवा.

वारा हा मात्र हिशेबात न बसणारा गडी. सागाचं पान केवढं मोठं, झुळूक आली की पहिलं तेच हलतं, आणि बांबू तर कधी गप्प बसतच नाही. थंडीत सूर्योदयाच्या आगेमागे तासभर हवा पडलेली असते, तोच तुमचा तास. शटरची तार हातात धरून पानांकडे बघत उभं राहायचं. ती थांबली की दाबायचं. दोन सेकंदांचा फोटो हवा असेल आणि हवा तेवढीही उसंत देत नसेल, तर अर्ध्या सेकंदाचे चार तुकडे करा आणि प्रत्येक वेळी पानं थांबली की एकेक घ्या. एकाच पत्र्यावर चारही जमा होतात. या थांबण्यात जंगल ऐकू येतं. कोतवालाची नक्कल कुठून आली, मोहाचं फूल पानांवर कसं टपकतं, दूर कुठे कुऱ्हाड चालली आहे, हे जिप्सीतून कळत नाही.

ऋतूंचं झटपट सांगतो. पावसाळ्यात भामरागडकडे जाऊ नका. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, आणि ओलाव्याने लेन्सला बुरशी धरते. ऑक्टोबर ते जानेवारी पाणी आणि धुकं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीनंतर सागाचे नुसते सांगाडे, पळस, सावर. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, त्याचा धूर सकाळच्या उन्हात थरांनी दिसतो. फोटो छान येतो, पण वणवाही तिथूनच लागतो, हे ध्यानात ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घरी बसा. नद्यांसाठी सिरोंचा. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते. हिवाळ्यात वाळूच्या पट्ट्यांवरच्या लाटांसाठी वर सांगितलेला झुकाव कामी येतो. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिथली मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, आणि अशा स्मारकांच्या आवारात तिपाई लावायला त्यांची परवानगी लागते. ती आधी काढा. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र तिपाईला जागा मिळायची आशा सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी गमतीत सांगत नाही. वाघाचा फोटो निघत नाही याचा अर्थ वाघ नाही असा होत नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीच्या वनक्षेत्रात माणूस-वाघ संघर्ष रोजचा आहे, आणि मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी वाकलेली किंवा बसलेली माणसं त्यात जास्त सापडतात. काळ्या कापडाखाली तुम्ही नेमके तसेच असता. वाकलेले, आंधळे, बहिरे. म्हणून एकट्याने कधीही नाही. बरोबरचा माणूस तुमच्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभा हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. कॅमेरा बुटका लावून तासभर उकिडवं बसायचा मोह आवरा. गावकरी म्हणाले, "तिकडे जाऊ नका," तर का ते विचारत बसू नका, मागे फिरा. व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत खाली उतरताच येत नाही, तेव्हा तिथला विचारच सोडून द्या. वस्तीजवळचे तलाव, रस्त्यालगतची बनं, नदीकाठ एवढं पुष्कळ आहे.

परवानगीसाठी त्या त्या उपवनसंरक्षकांच्या नावे मराठीत साधं पत्र लिहा. गडचिरोलीत आलापल्ली, भामरागड, सिरोंचा, वडसा आणि गडचिरोली असे विभाग आहेत. वनरक्षक किंवा वाटाड्या बरोबर मागून घ्या. शिवाय अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ते २००९ मध्येच मिळाले. तिथे जंगलाबद्दल विचारायचं ते ग्रामसभेला. पेनठाणा, म्हणजे गोंड-माडियांच्या देवाची जागा, विचारल्याशिवाय काचेवर आणू नका. झाड कितीही सुरेख असलं तरी.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. तिपाईवरची लाकडी पेटी लांबून मोजणीच्या यंत्रासारखी दिसते. खाणींवरून जिथे वाद आहेत, तिथे मोजणीला आलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, आणि ते साहजिकच आहे. गावात शिरल्यावर आधी जोहार घाला, पारावर बसा, कॅमेरा उघडून दाखवा. पोरांना कापडाखाली घ्या. समोरचं झाड उलटं लटकलेलं पाहून जो हशा पिकतो, तो कुठल्याही ओळखपत्रापेक्षा चांगलं काम करतो. म्हातारी माणसं मान वाकडी करून बघायला लागतात, तेव्हा तुम्ही तिपाई धरून ठेवा. लष्करी छापाचे ठिपक्यांचे कपडे गडचिरोलीत अजिबात घालू नका. पोलीस मदत केंद्र, पूल, चौक्या यांच्याकडे लेन्स वळवू नका. एटापल्ली-भामरागडकडे जाण्यापूर्वी पोलिसांना कळवा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी या.

उन्हासाठी कापड दुहेरी शिवून घ्या, आतून काळं आणि बाहेरून पांढरं. नुसत्या काळ्या कापडाखाली मार्चमध्येच जीव घुसमटतो. न वापरलेली फिल्म थर्माकोलच्या डब्यात ठेवा, गाडीच्या डिकीत कधीच नको. गार डबा लगेच उघडू नका, तासा-दीड तासाने उघडा, नाही तर पत्र्यांवर दव धरतं. विमानाने नागपूरला येत असाल तर फिल्म यंत्रात न घालता हाताने तपासायची विनंती करा. त्यापेक्षा रेल्वेने बल्लारशाहला उतरा.

होल्डर भरायला मुक्कामाची न्हाणी उत्तम. फरशी ओली करा, म्हणजे धूळ बसते. दाराच्या फटीला टॉवेल लावा, आणि रात्री भरा. विकतची फिल्म मिट्ट काळोखात उभी धरली आणि खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागली की रसायनाची बाजू तुमच्याकडे आहे. एक्सरे फिल्मला दोन्ही बाजूंना रसायन असतं, त्यामुळे बाजूचा घोळ नाही, पण ओरखडे मात्र दुप्पट. नखं काढून या. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाची, पांढरी कड बाहेर म्हणजे कोरा पत्रा, काळी कड बाहेर म्हणजे घेतलेला. ही सवय पहिल्या दिवसापासून मोडू नका.

धुण्याचं रसायन घरी बनतं. डी ७६ साठी एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. पन्नास अंशांच्या पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं याच क्रमाने विरघळवा. एफपीफोरला एकास एक पाणी घालून २० अंशांवर अकरा मिनिटं. अडचण त्या वीस अंशांची आहे. थंडीत फार झगडावं लागत नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच चहाला पुरेसं तापलेलं असतं, तेव्हा मोठ्या घमेल्यात बर्फ घालून त्यात ट्रे ठेवा. बर्फ रसायनात नको. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकमेकांच्या दोन-तीन अंशांत ठेवा. गरमातून एकदम गारात गेलं की वरचा थर सुरकुततो. एक्सरे फिल्मसाठी ट्रेच्या तळाशी काच टाका, एका वेळी एकच पत्रा घ्या, रसायन जास्त पातळ करा आणि लाल दिव्यात बघत बघत थांबवा. वापरलेला हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नाल्यात ओतू नका. त्यात चांदी असते, आणि एक्सरेवाल्यांकडून तो विकत घेणारे लोक असतात. कॅन भरून त्यांना द्या.

एवढं झाल्यावर स्कॅनर नाही, एन्लार्जर नाही म्हणून अडू नका. चार बाय पाचची निगेटिव्ह स्वतःच्या मापात छापण्याइतकी मोठी असते. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची पद्धत घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही सारखं मिसळून चित्रकलेच्या जाड कागदावर मंद पिवळ्या दिव्यात ब्रशने लावा. वाळला की त्यावर निगेटिव्ह, वर काच, आणि उन्हात. नंतर नुसत्या पाण्याने धुवायचं. निळं चित्र निघतं. या छपाईला कठोर निगेटिव्हच लागते, त्यामुळे एक्सरे फिल्मचा दोष इथे कामाला येतो. मामा तलावाच्या काठावर जे तुमच्यासाठी पहाऱ्याला उभे राहिले, त्यांच्या घरी द्यायला यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ काही नाही.

फोटो काढायला निरुपयोगी ठरलेले एप्रिल-मे या कामासाठी राखून ठेवा. कागद आदल्या रात्री लावून कपाटात वाळवायचा, सकाळी आठला अंगणात मांडायचा आणि दहाच्या आत आटपायचं. नंतर ऊन काही कमी पडत नाही, पण चंद्रपूरच्या अंगणात तुम्ही टिकत नाही.